गुंजभर गोडी

आजच्या माझ्या भाषणाचा विषय वरवर पाहतां स्वयंपाकघरांतला आहे, आणि इतिहासाच्या सदरांत त्याला जागा कशी मिळाली असा प्रश्न तुमच्यापैकीं कित्येकांच्या मनांत येईल. साखर वर्ज्य झालेल्या माणसानें साखरेच्या ऐवजीं जी पूड किंवा गोळी चहांत टाकावयाची, ती मोजावी कशी, एवढाच हा विषय. परंतु ज्यानें उभें आयुष्य मुलांना अंकगणित आणि इतिहास शिकविण्यांत घालविलें, त्याला ह्या एका चमच्यांत दोन्ही विषय एकत्र आलेले दिसले. आणि त्यांत माझा स्वतःचा जीव गुंतलेला असल्यामुळें मीं त्याचा जरा नेटानें पाठपुरावा केला. कांहीं वर्षांपूर्वीं डॉक्टरांनीं मला मधुमेह असल्याचें सांगितलें. साखर आणि गूळ बंद झाले. भाकरी, भात आणि फळें यांतून मिळून दिवसाला ठराविक ग्रॅमच कर्बोदकें पोटांत जावींत असा हिशेब त्यांनीं घालून दिला. मी जालन्याचा. मोसंबीच्या बागांच्या मुलखांत राहून मोसंबीच्या फोडी मोजून खाणें हें काय दुःख आहे, तें परगांवच्या श्रोत्यांना सांगून कळावयाचें नाहीं.

मोजण्याचा विषय निघाला म्हणजे मला आमच्या बालपणींचे शेजारचे सोनारकाका आठवतात. कुंडलिका नदीच्या कांठच्या ह्या गांवाला ‘जालना सोने का पालना’ असें म्हणण्याचा प्रघात आहे; पण काकांच्या दुकानांत सोनें थोडें आणि वजनांची शिस्त फार. सन १९५६ च्या कायद्यानें दशमान वजनें आलीं, १९५८ पासून तीं हळूहळू बाजारांत रुळलीं, तरी काकांच्या पेटींत लाल-काळ्या गुंजांची एक पुरचुंडी कायम असे. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा. इंग्रजी अमदानींतला तोळा ११.६६ ग्रॅमांचा, त्या हिशेबानें गुंज सुमारें १२१ मिलिग्रॅम आणि मासा एका ग्रॅमला थोडा कमी भरतो. हे दोन आंकडे श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावेत. पुढें त्यांचें काम आहे.

त्या गुंजेच्या वेलाची एक गंमत अशी कीं त्याचा पाला गोड असतो. विड्यांत गुंजेचा पाला घालण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे, आणि घसा बसला म्हणजे कीर्तनकार तो चघळीत असत. गेल्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंतील संशोधकांनीं ह्या पाल्यांतलीं गोड द्रव्यें वेगळीं काढलीं, तेव्हां तीं वजनास वजन साखरेच्या तीसपासून शंभरपट गोड ठरलीं. म्हणजे ज्या वेलाच्या बीनें आपण सोनें तोललें, त्याच वेलाच्या पानांत साखरेचा एक बदली कामगार बसला होता! (येथें एक सूचना दिल्यावांचून पुढें जाववत नाहीं: पाला गोड असला तरी बी अत्यंत विषारी आहे. घरांत लहान मुलें असतील तर गुंजा खेळावयास देऊं नयेत.) ज्येष्ठमधाची गोष्टहि अशीच. त्यांतलें मुख्य द्रव्य साखरेहून कितीतरी पटींनीं गोड. पण वैद्यानें तें मासा-दोन मासे या मापानेंच द्यावयाचें. साखर मुठीनें घेतली तरी चालते, तिची बदली मात्र काट्यानें तोलावी लागते, ही अडचण आपल्याकडे नवी नाहीं.

कर्बोदकें कमी खाऊन शरीर सुधारावें ही कल्पनाहि पाश्चात्यांची नवी शोधलेली आहे असें नव्हे. चरकसंहितेंत प्रमेहाच्या रोग्याला जवाच्या अन्नावर ठेवावें असें सांगितलें आहे. मात्र ताटांतला प्रत्येक पदार्थ वजनानें घेऊन त्याची टिपणें प्रसिद्ध करणें, आणि त्याचें एक वेडच समाजांत पसरणें, ह्याचा मान लंडनच्या विल्यम बँटिंग नांवाच्या गृहस्थाकडे जातो. हा मनुष्य प्रेतसंस्काराचें सामान पुरविणारा सुखवस्तु व्यावसायिक होता आणि इतका स्थूल झाला होता कीं बुटाचे बंद बांधणें त्याला जड जाई. हार्वे नांवाच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानें त्यानें पाव, दूध, साखर, बिअर आणि बटाटे सोडले, आणि वजन उतरल्यावर १८६३ सालीं एक लहानसें पत्रक स्वखर्चानें छापलें. त्यांत सकाळीं मांस चार-पांच औंस, भाजलेला पाव एक औंस, अशीं मापें दिलेलीं आहेत. पुढें साठ वर्षांनीं ज्या कॅनडियन डॉक्टरानें इन्सुलिन शोधण्यांत मोठा भाग घेतला, त्याचेंहि आडनांव बँटिंगच होतें. सन १९२२ च्या आरंभीं टोरोंटो येथें पहिल्या रोग्याला इन्सुलिन टोंचलें गेलें. तोंपर्यंत मधुमेही मुलांना जगविण्याचा एकच मार्ग होता: अन्न इतकें तोडावयाचें कीं रोगी उपासानें मरावा कीं रोगानें, एवढाच प्रश्न उरे. अमेरिकेंत अ‍ॅलन नांवाचे डॉक्टर तर भाज्यांतलें उरलेंसुरलें पिष्ट जावें म्हणून त्या तीन तीन पाण्यांत उकळून, पाणी फेंकून देववीत. आपल्या मराठवाड्यांत आज दीक्षितांच्या दोन वेळच्या जेवणाची चर्चा घरोघर चालते, डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार डॉ. जगन्नाथ दीक्षितांनीं पुढें चालविला. पण ज्या पिढीनें तीनदां उकळलेली कोबी खाल्ली, तिच्यापुढें आमचें पथ्य म्हणजे पंचपक्वान्नच म्हणावयाचें.

अशा रोग्यांना गोडीचा घांस देणारी पहिली कारखान्यांतली वस्तु म्हणजे सॅकरिन. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत प्राध्यापक रेमसेन यांच्या प्रयोगशाळेंत फालबर्ग नांवाचा रसायनज्ञ दगडी कोळशाच्या डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यांवर काम करीत होता. सन १८७९ मध्यें एके संध्याकाळीं तो हात न धुतां जेवावयास बसला आणि पाव त्याला विलक्षण गोड लागला. घरच्या कोणाची चूक नाहीं असें दिसतांच तो प्रयोगशाळेंत परत गेला आणि टेबलावरचीं भांडीं एकामागून एक चाखूं लागला! त्याचें नशीब थोर म्हणून त्यांत विष नव्हतें. पुढें त्यानें ह्या शोधाचें पेटंट एकट्याच्या नांवें घेतलें, आणि त्याबद्दल रेमसेन यांच्या मनांत जी अढी बसली ती कायमची.

सॅकरिन साखरेच्या सुमारें तीनशेंपट गोड. आतां एक चमचा साखरेच्या गोडीइतकें सॅकरिन घरच्या माणसानें मोजावें कसें? येथें औषधविक्याचें तंत्र उपयोगी पडलें. पाव ग्रेनाच्या चिमुकल्या गोळ्या तयार झाल्या. पाव ग्रेन म्हणजे सुमारें १६ मिलिग्रॅम. आमच्या सोनारकाकांच्या भाषेंत गुंजेचा साडेसातवा भाग. त्याला तीनशेंनीं गुणलें तर पांच ग्रॅमांच्या जवळ जातों, आणि एक चमचा साखर चार-पांच ग्रॅमच भरते. म्हणजे गोळी हेंच माप. एक चमचा साखर, एक गोळी. काटा नको, चिमूट नको, चूक नको. माझ्या मतें ह्या सर्व इतिहासांत प्रामाणिक माप असें हें एवढेंच झालें, आणि नेमकें तेंच पुढें आपण मागें टाकलें.

ह्या गोळीला शत्रू मात्र पुष्कळ निघाले, आणि ते सगळे कांहीं वैद्य नव्हते. जर्मनींत बीटच्या साखरेचे कारखानदार प्रबळ. त्यांच्या धंद्याला बाध येऊं नये म्हणून १९०२ च्या कायद्यानें सॅकरिनची विक्री औषधांच्या दुकानांपुरती राखून ठेवण्यांत आली. परिणाम असा झाला कीं स्वित्झर्लंडमधून सॅकरिन चोरून आणण्याचा एक मोठा धंदाच सुरू झाला. जी वस्तु गुंजभर नेली तरी पसाभर साखरेचें काम करते, तिच्याइतकी चोरट्या व्यापाराला सोयीची वस्तु दुसरी कोणती? अमेरिकेंत हाच वाद अध्यक्षांच्या घरापर्यंत गेला. रासायनिक खात्याचे प्रमुख वायली सॅकरिनवर बंदी घालूं पाहत होते. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना मात्र त्यांच्या डॉक्टरांनीं तेंच दिलेलें होतें. सॅकरिन अपायकारक आहे असें म्हणणारा मूर्ख होय, अशा अर्थाचे शब्द त्यांनीं वायली यांच्या तोंडावर काढले, आणि निर्णयासाठीं तज्ज्ञांचें एक मंडळ नेमलें. त्या मंडळाचे अध्यक्ष कोण? तेच रेमसेन! मंडळानें दिवसाला ०.३ ग्रॅमपर्यंत सॅकरिन निरुपद्रवी ठरविलें आणि त्यापलीकडे गेल्यास पचन बिघडण्याचा संभव दर्शविला. ‘वाईट कीं चांगलें’ हा प्रश्न सोडून ‘किती’ हा प्रश्न विचारला गेला, हें मला महत्त्वाचें वाटतें. आज जागतिक तज्ज्ञमंडळें शरीराच्या दर किलो वजनामागें अमुक मिलिग्रॅम अशी मर्यादा देतात. सॅकरिनची ती मर्यादा १९९३ सालीं ५ मिलिग्रॅम ठरली.

पुढच्या शोधांची कथा मीं थोडक्यांतच सांगतों, कारण ती पुन्हां पुन्हां तीच आहे: न धुतलेले हात. सन १९३७ मध्यें स्वेडा नांवाच्या विद्यार्थ्याला सिगारेट गोड लागली आणि सायक्लामेट सांपडलें. १९६५ मध्यें श्लॅटर यांनीं कागद उचलण्यासाठीं बोट ओलें केलें आणि अ‍ॅस्पार्टेम हातीं आलें. आम्ही शाळेंत मुलांना ‘हात धुऊन जेवावयास बसा’ म्हणून कानीकपाळीं ओरडत होतों. रसायनशास्त्राची प्रगति आमच्या उपदेशाच्या नेमकी उलट दिशेनें चालली होती.

सन १९७६ ची हकीकत मात्र सावकाश सांगण्यासारखी आहे, कारण तींत एक फडणीस आहेत, आणि हें आडनांव कानीं पडलें कीं मराठी माणूस कान टवकारतोच. लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजांत प्राध्यापक लेस्ली हफ यांच्या हाताखालीं शशिकांत फडणीस संशोधन करीत होते. टेट अँड लाइल ह्या साखरेच्याच कंपनीच्या सहकार्यानें साखरेच्या रेणूंत क्लोरिनचे अणु बसवून पाहण्याचें काम चाललें होतें. एका पदार्थाची ‘टेस्ट’ करा, म्हणजे तपासणी करा, असें फडणीसांना सांगण्यांत आलें. त्यांनीं ऐकलें ‘टेस्ट’, म्हणजे चव घ्या. आणि त्यांनीं खरोखरच जिभेवर कण ठेवला. इंग्रजींत ह्या दोन शब्दांचें लेखन वेगळें आहे, उच्चारांतहि थोडा भेद आहे. आपल्या देवनागरींत मात्र दोन्ही अगदीं एकसारखे लिहिले जातात, तेव्हां फडणीसांना दोष देण्यास निदान मी तरी धजणार नाहीं. तो पदार्थ साखरेच्या सुमारें सहाशेंपट गोड निघाला. त्याला सुक्रलोज म्हणतात. कॅनडानें त्याला १९९१ सालीं आणि अमेरिकेनें १९९८ सालीं परवानगी दिली.

आतां गुंजेचा हिशेब पुन्हां काढूं. चार ग्रॅमांच्या एका चमचा साखरेऐवजीं सुक्रलोज किती लागेल? सातहि मिलिग्रॅम नाहीं. गुंजेचा अठरावा भाग! एवढा कण चमच्यानें उचलतां येत नाहीं, डोळ्यालाहि धड दिसत नाहीं. म्हणून कारखानदार त्यांत भर घालतात. एक ग्रॅमाची पुडी, म्हणजे जवळजवळ मासाभर, दोन चमचे साखरेचें काम करते असें म्हणतात. तींत सुक्रलोज फक्त १२ मिलिग्रॅमांच्या आसपास, आणि उरलेलें जवळजवळ सगळें वजन डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिनचें. हे दोन्ही पदार्थ पिष्टापासून निघणारे, म्हणजे कर्बोदकेंच. सोन्यांत तांब्याची भर पडावी तसा हा प्रकार. फरक एवढाच कीं येथें गुंजभर सोन्यांत दहा तोळे तांबें आहे असें म्हटलें तरी चालेल, इतकी भर. नाहीं, दहा तोळे जास्तच झाले. हिशेब केला तर तोळ्याच्या आंतच येतें. मास्तराला अतिशयोक्ति शोभत नाहीं.

ह्याच ठिकाणीं माझी फसगत झाली. माझ्या पुतण्यानें अमेरिकेहून सुटसुटीत पुडीची एक मोठी पिशवी आणली होती. तिचें नांव घेण्याचें कारण नाहीं. त्या जातीच्या सगळ्याच पिशव्या अशा असतात. साखरेइतक्याच मापानें घ्या, चमच्यास चमचा, वाटीस वाटी, असा तिचा गुण. पुडी इतकी पोकळ फुगविलेली कीं चमचा भरला तरी वजन अर्धाच ग्रॅम. पाठीमागें छापलें होतें: एक वेळचें प्रमाण एक चमचा, उष्मांक शून्य, साखर शून्य, कर्बोदकें ‘एक ग्रॅमहून कमी’. घरांत सर्वांनीं शून्य वाचलें, मीहि तेंच वाचलें. दिवसाचे सहा कप चहा, प्रत्येकीं दोन चमचे पुडी, असा माझा क्रम सुखानें चालू झाला. त्याच वेळीं रात्रीच्या ताटांतली चतकोर भाकरी मीं पथ्य म्हणून सोडली होती, आणि ती सोडल्याचा थोडा अभिमानहि बाळगून होतों.

पाडव्याला सूनबाईनें श्रीखंडांत पुडी घातली. मीं विचारलें, “किती घातलीस ग?” ती म्हणाली, “बाबा, मोठी वाटीभर. पण शून्यच आहे कीं तें, वाटीभर काय नि पिंपभर काय!” नातू शेजारीं अभ्यास करीत बसला होता. त्याला मीं सहज विचारलें, शून्याला अठ्ठेचाळिसांनीं गुणलें तर किती? शून्य, तो म्हणाला. पाककृतींतली २४० मिलिलिटरची वाटी, पांच मिलिलिटरचा चमचा. वाटींत अठ्ठेचाळीस चमचे. मग दुसऱ्या दिवशीं दागिने तोलण्याचा एक लहानसा विजेचा काटा विकत आणला आणि तीच वाटी भरून तोलली. चोवीस ग्रॅम! शून्याला अठ्ठेचाळिसांनीं गुणून चोवीस येणें हें माझ्या सबंध नोकरींत कधीं घडलें नव्हतें.

चौकशी केल्यावर उलगडा झाला तो असा. अमेरिकेंत १९९० च्या पोषण-लेबलांच्या कायद्याखालीं जे नियम झाले, त्यांप्रमाणें एका वेळच्या प्रमाणांत पांचाहून कमी कॅलरी असल्या तर शून्य छापण्याची मुभा आहे. कर्बोदकें अर्ध्या ग्रॅमहून कमी असलीं तर शून्य, आणि एका ग्रॅमहून कमी असलीं तर नुसतें ‘एक ग्रॅमहून कमी’ असें छापलें तरी चालतें. एका चमच्यांत दोन कॅलरी असतात, म्हणून शून्य. वाटींत शहाण्णव होतात. कोणी खोटें बोललेलें नाहीं. माप लहान धरलें, एवढेंच. नियम करणारांनीं अपूर्णांक सोडून देण्याची परवानगी दिली ती वाचणाराची सोय म्हणून; पण सोडलेला अपूर्णांक खाणाऱ्याच्या पोटांत सुटत नाहीं. आपल्याकडच्या बहुतेक डब्यांवर शंभर ग्रॅमांचा आंकडा छापलेला असतो, तो मला जास्त भरंवशाचा वाटतो. फक्त तेथेंहि ‘शर्करामुक्त’ ह्या शब्दावर विसंबूं नये. आपल्या २०१८ च्या नियमांप्रमाणें शंभर ग्रॅमांत अर्ध्या ग्रॅमहून जास्त शर्करा नसली कीं तो शब्द वापरतां येतो. माल्टोडेक्स्ट्रिन हें त्या शर्करेंत मोजलें जात नाहीं, रक्तांत मात्र त्याचें ग्लुकोजच होतें.

माझा स्वतःचा हिशेब सांगतों. बारा चमचे म्हणजे दिवसाला सहा ग्रॅम. चाळीस ग्रॅम पिठाच्या लहानशा ज्वारीच्या भाकरीच्या चतकोरांत सुमारें सात ग्रॅम कर्बोदकें असतात. म्हणजे रात्रीं ताटांतून उठविलेली चतकोर भाकरी मी दिवसभर चहांतून पीत होतों. आणि भाकरीनें पोट तरी भरतें. एवढ्यानें माझा रोग वाढला असें मी म्हणत नाहीं. सहा ग्रॅमांवर तसा आरोप करणें अन्यायाचें होईल, आणि वाटीभर साखरेचे दोनशें ग्रॅम पाहतां हे चोवीस ग्रॅम किती थोडे, हेंहि कबूल केलें पाहिजे. पण ज्या आयांना आपल्या मुलाच्या घांसाघांसांतलीं कर्बोदकें मोजून तितकेंच इन्सुलिन टोंचावें लागतें, त्यांच्या हिशेबांत ‘शून्य’ लिहिलेले चोवीस ग्रॅम शिरले तर ती थट्टेची बाब राहत नाहीं. ह्याच कारणानें मीं हा विषय नभोवाणीवर आणण्याचें मनांत घेतलें.

ह्या द्रव्यांच्या बऱ्यावाईटाबद्दल मी बोलणार नाहीं. तो माझा अधिकार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनें मे २०२३ मध्यें वजन ताब्यांत ठेवण्यासाठीं ह्यांचा वापर करूं नये असें सुचविलें आहे. मात्र आधींच मधुमेह असलेल्यांना ती सूचना लागू केलेली नाहीं, हें बातमीच्या मथळ्यांत येत नाहीं म्हणून येथें सांगितलें.

मीं स्वतः पुन्हां गोळीकडे वळलों. गोळींतहि थोडी भर असतेच, परंतु ती मिलिग्रॅमांत मोजण्याइतकी. चहा सहावरून चारांवर आला, आणि चतकोर भाकरी डॉक्टरांना विचारून ताटांत परत आली. सूनबाईनें पिशवीवर शाईच्या पेनानें मोठ्या अक्षरांत ‘वाटी = २४’ असें लिहून ठेवलें आहे. काटा घरांत आला तसा त्याचा दुसराहि एक उपयोग झाला. सोनारकाका वारल्यानंतर त्यांच्या मुलानें मला पुरचुंडींतल्या दोन गुंजा आठवण म्हणून दिल्या होत्या. त्या एक-एक करून काट्यावर ठेवल्या. एक ०.११ भरली, दुसरी ०.१२.